ओनोरियोची अळंबी

लोग्रोन्यो,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

सारागोसानिवासी, सत्यवचनी, आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू श्री. लेआंद्रोराव यांस,

लोग्रोन्योहून एलादियोचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असणार याची खात्री आहे, कारण ती तशी नसती तर तुम्ही फोन करून तासभर सांगितलं असतं. पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी कोळंबी बंद केली आहे ती अजून बंदच आहे ना? (हे मी निव्वळ काळजीपोटी विचारतो आहे. पुढं या कोळंबीचा उल्लेख येईल, तेव्हा आठवण ठेवावी.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, तुमची बहीण रेमेदियोस आणि तिची दोन कॅनरी पाखरं. रेमेदियोसचा रक्तदाब मात्र गेले दोन शनिवार चढतो आहे, आणि मी घरी बसतो हेच त्याचं कारण, असं तिचं म्हणणं. एकेचाळीस वर्षांत शनिवारी दुपारी मी घरी असण्याची वेळ दोनदाच आली, एकदा माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा आणि एकदा मुलीच्या लग्नाला. त्यामुळे शनिवारी दुपारी नवरा नावाची वस्तू कुठं ठेवायची, हे तिला ठाऊकच नाही. मी खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हणतो, ती पाखरांच्या पिंजऱ्यावर फडकं टाकते. बाहेर द्राक्षमळे तांबडेलाल झाले आहेत, एब्रो नदीवर सकाळी धुकं उतरतं, या दिवसांत एउतिकियो गुरुजी चौथीच्या वर्गाच्या खिडक्या उघडायला लावत आणि म्हणत, आता नदीची कविता म्हणा. पण हे सगळं तुमच्या बहिणीला सांगितलं की ती म्हणते, "नदीची कविता म्हणा, पण नदीकाठी जाऊन म्हणा."

मुद्द्यावर येतो. आमची शनिवारची बारची फेरी मोडली. साबास फेर्मिनशी बोलत नाही, फेर्मिन साबासशी बोलत नाही, आणि दोघंही माझ्याशी फक्त एकमेकांविषयी बोलतात. आमच्यातला चौथा, ओनोरियो, वारला त्याला येत्या शनिवारी, अठरा तारखेला, सहा वर्षं होतील. त्या दिवशी तरी आम्ही तिघं विसीच्या बारच्या काउंटरला एकत्र टेकलो नाही, तर पुन्हा कधी टेकणार नाही. साबास ऐंशीचा आहे, फेर्मिन एकोणऐंशीचा, मी अठ्ठ्याहत्तरचा. या वयात माणसं रुसली की रुसवा काढायला पुढचं वर्ष हाताशी असेलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं काय ते मला काय सांगतोस, मी होतोच की तिथं. होता खरे. पण अर्धा वेळ तुम्ही सारागोसाची वाइन इथल्यापेक्षा कशी सरस हे सांगत होता आणि उरलेला अर्धा वेळ झोपला होता, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

तुमच्याकडे लोक बारमध्ये चक्क खुर्च्यांवर बसतात, असं ऐकतो. त्यामुळे आमची फेरी तुमच्या गळी उतरणं कठीण. आमच्या लॉरेल गल्लीत दाराला दार लागून बार, आणि प्रत्येक बारचा एकच पदार्थ. एका दारी एक पेला, एक घास, की पुढचं दार. बसायचं नाही, तिथंच दुसरा पेला मागायचा नाही, क्रम बदलायचा नाही. साबास (चाळीस वर्षं लोकांच्या गळ्याला वस्तरा लावून वाद जिंकलेला न्हावी), फेर्मिन (वाइनची लाकडी पिंपं बनवायचा, आता फक्त पिंपासारखा दिसतो), मी (नगरपालिका, पाणीखातं, म्हणून वाइनची ओढ) आणि ओनोरियो. ओनोरियो रेल्वेत सिग्नलवर होता. त्याच्याआधी तो चौथीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, माझ्या डाव्या हाताला होता. मला कवितेची पहिली ओळ नेहमी येई, दुसरी कधीच येत नसे. गुरुजींनी उभं केलं की मी पहिली ओळ खणखणीत म्हणून छताकडे बघायचो, आणि डावीकडून ओठ न हलवता दुसरी ओळ यायची. माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया हा असा डाव्या बाजूला होता.

फेरीतलं चौथं दार विसीचं. वडिलांकडून बार, लोखंडी तवा आणि जीभ अशा तिन्ही गोष्टी वारशानं घेतलेली बाई. तिच्याकडे फक्त अळंबी. तव्यावर लसणात परतलेल्या तीन टोप्या एकावर एक, खाली पावाचा तुकडा, वर एवढीशी कोळंबी आणि सगळ्यांतून आरपार एक काडी. ताटलीतला शेवटचा घास आपल्याकडे लाजेचा, त्याला कुणी हात लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही पाळत नाही, ही गोष्ट वेगळी). तर ओनोरियो गेला त्याच्या पुढच्या शनिवारी विसीनं सवयीनं ताटलीत चारच काड्या ठेवल्या. आम्ही तिघं होतो. तिघांनी तीन खाल्ल्या. चौथीकडे कुणी बघितलं नाही, कुणी बोललं नाही, आणि आम्ही पाचव्या दाराकडे निघालो. पुढच्या शनिवारी पुन्हा चार. अशी सहा वर्षं. ती ओनोरियोची, असं कुणी कधी म्हटलेलं नाही. असल्या गोष्टी म्हणायच्या नसतात. आम्ही गेल्यावर ती ताटली आत जाऊन त्या चौथीचं पुढं काय होतं, हेही कुणी विचारलं नाही.

आता फेर्मिनची नात नेरेआ. पोरगी हुशार, फ्रान्सला जाऊन वाइन चाखायचं शिकून आली. (आमच्या वेळी यासाठी फ्रान्सला जावं लागत नसे. तहान लागली तरी पुरे होई.) तिनं जुन्या तळघरात वाइन चाखण्याचे वर्ग काढले आणि सुगीच्या उत्सवात, वीस सप्टेंबरच्या शनिवारी, आम्हाला आग्रहानं बोलावलं. तुम्हीही त्याच दिवशी सारागोसाहून उतरलात, त्यामुळे तुम्हालाही न्यावं लागलं. नेरेआनं आधीच बजावलं होतं की चाखताना खायचं नाही, तोंडाची चव बिघडते. साबास म्हणाला, "पोरी, माझं तोंड ऐंशी वर्षांपूर्वीच बिघडलंय, आता काय बिघडणार?" आणि विसीकडून अळंबीची ताटली फडक्यात बांधून बत्तीस पायऱ्या खाली घेऊन आला. पाच काड्या. आम्ही तीन, तुम्ही पाहुणे, आणि एक ती. बसण्याआधी चार संपल्या. तुम्ही अंगठ्याच्या सुजेमुळे कोळंबी काढून ठेवाल अशी माझी भाबडी अपेक्षा होती. पाचवी ताटलीत राहिली आणि ताटली माझ्या डावीकडच्या पालथ्या पिंपावर राहिली.

मग तो प्रकार सुरू झाला. आधी पेला हलवायचा, मग नाक आत घालायचं, मग घोट तोंडात फिरवायचा आणि मग, लेआंद्रोराव, तो बादलीत थुंकायचा. फेर्मिननं नातीकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याच्या देखत चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "त्या पिंपाची फळी मी तासली," तो म्हणाला, "आणि तू मला त्यातलं थुंकायला सांगतेस?" नेरेआ म्हणाली, "आजोबा, शिस्त असते ती." फेर्मिननं शिस्तीत गिळली. साबासनंही गिळली आणि वर बादलीत नुसताच खाकरला, मुलीचा मान राहावा म्हणून. बादली शेवटपर्यंत कोरडी होती. अपवाद तुमचा, पण तुम्ही ती ठसका लागून सांडलीत, ती मी धरत नाही.

नेरेआ सांगत होती, यात ओल्या दगडाचा वास आहे, पिकलेल्या जर्दाळूचा आहे, घोड्याच्या खोगिराचा आहे. साबास म्हणाला, "घोडा कुठाय? तो वास फेर्मिनच्या अंगाचा असेल." मग तिनं म्हटलं की डोळ्यांनी नाक फसतं, म्हणून आता पट्ट्या बांधू. पांढरे रुमाल काढले आणि आम्हा चौघांचे डोळे बांधले. फाशीच्या आधी बांधतात तसे. पट्टीचा सर्वांत योग्य उपयोग तुम्ही केलात, दुसऱ्याच मिनिटाला तुमचं घोरणं सुरू झालं. तेवढ्यात तुमची चारची बस निघायची वेळ झाली. नेरेआनं तुम्हाला उठवलं आणि अंधारात पायऱ्या चुकू नयेत म्हणून हाताला धरून वर न्यायला निघाली. जाताना आम्हाला बजावलं, "मी येईस्तोवर पट्टी सोडायची नाही, हा पेला हुंगत राहा, आणि काय आठवतं ते मोठ्यानं बोला." तुम्ही त्या पालथ्या पिंपाला घासून बाहेर गेलात. हे लक्षात ठेवा. पिंपाला घासून.

मग तळघरात डोळे बांधलेले तीन म्हातारे आणि तीन पेले. फेर्मिन म्हणाला त्याला ओकचा भुसा आठवतो. साबास म्हणाला त्याला घरी जायचं आठवतं. मला काय आठवलं ते मी सांगितलं. शाईची दौत, खिडकीजवळचा बाक, पावसात भिजलेला लोकरी कोट. आणि मी कविता म्हटली. नदी म्हणाली झाडाला, मज थांबता न येते. मग मी थांबलो. साबास म्हणाला, "पुढं?" मी म्हटलं, पुढचं मला कधी येत होतं. मग आम्ही पुन्हा पेले हुंगू लागलो.

नेरेआ परत आली, पट्ट्या सुटल्या, आणि पिंपावरची ताटली रिकामी होती. काडीसुद्धा नव्हती.

तिथं जे झालं ते लिहायला माझी लेखणी धजत नाही, पण लिहितो. साबास फेर्मिनजवळ गेला, त्याच्या मिशीत नाक घातलं (शिकलेली विद्या लगेच वापरली) आणि म्हणाला, "लसूण." फेर्मिन म्हणाला, "माझ्या मिशीला एकेचाळीस वर्षं लसणाचाच वास आहे. तूच कापायचास ना ती? तेव्हा नाही आला?" साबास म्हणाला, "तेव्हा तू मेलेल्या माणसाच्या ताटातलं खात नव्हतास." मग फेर्मिन म्हणाला की ताटली घेऊन आला साबास, वाटभर फडक्यात हात घालत आला साबास, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर गरम टॉवेल टाकून त्याचे पेपर वाचणारा माणूस आता डोळ्यांवर पट्टी आल्यावर काय करणार? नेरेआ मध्ये पडून म्हणाली, "आजोबा, एवढंसं आहे ते, मी नवीन आणते." त्यावर दोघंही तिच्याकडे अशा नजरेनं वळले की बिचारी बादली उचलून वर गेली. कोरडी बादली.

या सगळ्यात मी अत्यंत संयमानं वागलो. दोघांना म्हटलं, ज्यानं खाल्ली असेल त्याला आपण मोठ्या मनानं क्षमा करू. दोघंही एकाच वेळी म्हणाले, "तू गप्प बस." चांगल्या सल्ल्याची या गावात कदर नाही.

पुढच्या शनिवारी मी बरोबर साडेबाराला गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. साबास आला, पण फेर्मिन येईल म्हणून फेरी उलट्या टोकानं एकटाच करून गेला. फेर्मिन, साबास येईल म्हणून आलाच नाही. मी एकटा विसीकडे गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तरी चार काड्या ठेवल्या. म्हणाली, "या गल्लीत एकटा फक्त पोस्टमन फिरतो. तुमचं काय काम?" मी एक खाल्ली. तीन उरल्या. लाजेचा घास एक असतो, तीन असले की त्याला काय म्हणायचं, ते मला माहीत नाही. मी चौथ्या दारावरूनच परत फिरलो, एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पुढचे दोन शनिवार गेलोच नाही.

असो. लांबलं. तुमची बहीण म्हणते की पत्रात नेमकं काय हवं ते लिहायचं असतं, बाकी पाखरांना सांगावं. पण काही हवं असल्यामुळे मी लिहितो आहे असा गैरसमज करून घेऊ नये. नुसती ख्यालीखुशाली. घरच्या मंडळींना नमस्कार, अंगठ्याला विश्रांती.

आपला, दुसऱ्या ओळीविना,
एलादियो

ता. क. एक बारीकसं काम होतं. शुक्रवारच्या आत साबासला आणि फेर्मिनला एकेक फोन करून सांगावं की पाचवी अळंबी तुम्ही खाल्लीत. बसची घाई होती, भूक लागली होती, डॉक्टरांनी कोळंबी बंद केल्यापासून तिच्या वासानं तुमचा तोल जातो, पिंपाला घासून जाताना हात गेला. सगळं जुळतं, मी पुन्हा पुन्हा तपासलं आहे. पाहुणा म्हणून तुमच्यावर कुणाचा संशय नाही, म्हणजे तुम्ही आपणहून सांगितलंत तर केवढा परिणाम होईल. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत, चाळीस वर्षं न्यायालयात लोकांच्या शपथा लिहून घेतल्यात, तेव्हा तुमच्यावर विश्वास बसेल. तुमचं नुकसान काहीच नाही, सारागोसाच्या माणसाबद्दल इथं आधीच फारसं चांगलं मत नाही. न केल्यास, तुमच्या बहिणीनं माळ्यावरची बॅग काढली आहे. फेरी सुरू होईपर्यंत ती तुमच्याकडे राहायला येणार. पाखरांसह. ती पहाटे पाचला गातात.

दुसरा ता. क. बॅग काढायला एक वेगळंही कारण झालं. माझा कोट झटकताना खिशातून एक काडी पडली. टोकाला लसूण होता. तुमच्या बहिणीनं ती माझ्या बशीत ठेवली. तेव्हा आता तुमच्यापासून काय लपवायचं.

ओनोरियोला अळंबी आवडत नसे. पाहिली तरी त्याच्या अंगावर काटा यायचा. पण फेरीत एक दार गाळायचं म्हणजे फेरी मोडायची, म्हणून पस्तीस वर्षं दर शनिवारी तो आपली काडी उचलायचा, साबास आणि फेर्मिन वादात शिरले की काउंटरच्या कडेनं माझ्या हातात सरकवायचा आणि ओठ न हलवता म्हणायचा, "घे." त्या दिवशी तळघरात मी पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं डावीकडे कान दिला. काही आलं नाही. डोळ्यांवर पट्टी होती, नाकात दौतीचा वास होता, आणि हात आपोआप डावीकडे गेला. हाताला कुणी सांगायचं की आता तिकडे कुणी नाही? दाताखाली आली तेव्हा कळलं. काडी खिशात टाकली.

हे त्या दोघांना सांगता येत नाही. सांगितलं तर पस्तीस वर्षं मी दर शनिवारी दोन खात होतो हेही सांगावं लागेल, आणि साबासचा अळंबीवर बायकोपेक्षा जास्त जीव आहे. शिवाय सहा वर्षं आपण त्याच्यासाठी नेमकी नावडती वस्तू मागे ठेवत आलो, हे कळलं तर फेर्मिन रडेल. म्हणून तुम्ही. कृपा करावी.

तिसरा ता. क. तिकीट लावून पाकीट बंद केलं होतं, ते वाफेवर उघडून लिहितो आहे. आत्ता साबास येऊन गेला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, "एलादियो, ती मी खाल्ली होती. फेर्मिनलाही सांगून आलोय. तो शनिवारी येतोय. आता तू उगीच ताणू नकोस."

मी त्याला मोठ्या मनानं क्षमा केली.

तेव्हा फोन करू नये. तुमच्या बहिणीनं बॅग माळ्यावर ठेवली. शनिवारी जमलं तर या, विसी पाच ठेवील, तुमच्यातली कोळंबी मी बघून घेईन.

तुमच्यात आणि माझ्यात म्हणून एवढंच सांगतो. साबास जायला निघाला तेव्हा मी सहज विचारलं, कशी होती रे? त्यानं टोपी फिरवली आणि म्हणाला, "गार झाली होती. पण मीठ बरोबर होतं."

मीठ कमी होतं.